क्वेसारच्या स्पेक्ट्रममध्ये एच-अल्फाला दोन शिंगं, आणि एकात तर लाइनच नाहीत. हे काय प्रकरण आहे?

चष्मिष्ट:

मंडळी, मी खगोलशास्त्राचा विद्यार्थी वगैरे नाही, बँकेत नोकरी करतो, पण रात्री जेवणं उरकली की एसडीएसएस ह्या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाच्या स्कायसर्व्हर वेबसाइटवर जाऊन क्वेसारचे (म्हणजे ब्लॅकहोलभोवती वायू तापून झगमगणारे लांबच्या गॅलक्सींचे गाभे) स्पेक्ट्रा, म्हणजे तरंगलांबीनुसार प्रकाशाचे आलेख, उघडून बघत बसायचं वेड लागलंय. कुठली लाइन किती अँगस्ट्रॉमला (तरंगलांबीचं एकक) असते ह्याचा प्रिंट काढलेला एक तक्ता जवळ ठेवलाय त्यात लायमन-अल्फा (हायड्रोजन) १२१६, कार्बन १५४९, कार्बन १९०९, मॅग्नेशियम २७९८, एच-बीटा ४८६१, ऑक्सिजन ५००७ असं सगळं आहे, प्रत्येकाला १ अधिक रेडशिफ्टने (लाइन लालकडे किती सरकल्या तो आकडा) गुणायचं आणि फुगवटा तिथे आहे का बघायचं, बहुतेक वेळा असतोच. मजा येते.

पण आता तीन नग असे सापडलेत की डोकं चालेना.

पहिला, रेडशिफ्ट ०.१. म्हणजे एच-अल्फा ही हायड्रोजनची लाइन साधारण ७२२१ अँगस्ट्रॉमला पाहिजे. तिथे एक बारीक टोकदार लाइन आहे, बरोबर जागेवर, पण तिच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे फुगवटे, एक ७११० ला आणि एक ७३५० ला, डावा जरा उंच. एच-बीटालाही तसंच आहे पण पुसट. बाकी कुठल्याही मूलद्रव्याची लाइन तिथे बसत नाही, मी सगळा तक्ता पालथा घातला.

दुसरा, रेडशिफ्ट ४च्या वर दाखवतोय आणि बाजूला वॉर्निंग पण देतोय. डावीकडे एकदम कडा तुटल्यासारखी आणि उजवीकडे इस्त्री केल्यासारखा सपाट, एक लाइन नाही. मग ह्याला क्वेसार म्हणायचं कशाच्या जोरावर?

तिसरा, रेडशिफ्ट २. कार्बनच्या दोन्ही लाइन जागेवर आहेत पण ४४५८ ला आणि ५२५० ला दोन जास्तीचे फुगवटे, बऱ्यापैकी मोठे. माझ्या तक्त्यात तिथे काहीच नाही.

आणि हो, जवळजवळ सगळ्याच स्पेक्ट्रममध्ये ५५७७ ला एक काटा दिसतो तो काय?

प्रश्न असा की हे नवीन मूलद्रव्य वगैरे असू शकतं का, की पहिल्यात दोन ब्लॅकहोल आहेत, की नुसता डेटाचा लोचा आहे? हसू नका.

प्रिझम:

कोणी हसत नाही, उलट वॉर्निंग वाचणारा माणूस बघून बरं वाटलं, निम्मे लोक वाचतच नाहीत.

५५७७ आधी निकालात काढू. तो क्वेसारचा नाहीच, आपल्याच वातावरणातला ऑक्सिजन आहे, रात्रीचं आकाश स्वतः मंद चमकतं त्यातली ती सगळ्यात ठळक हिरवी लाइन. आकाशाचा उजेड वजा करतात पण ही इतकी तेज असते की वजाबाकी नीट होत नाही आणि काटा उरतो. क्वेसारचा रेडशिफ्ट काहीही असला तरी हा काटा ५५७७ लाच राहणार, त्यावरूनच ओळखायचा. तसंच ६००० च्या आसपास काही विचित्र पायरी किंवा खळगा दिसला तर लगेच उड्या मारू नका, तिथे त्यांच्या स्पेक्ट्रोग्राफच्या निळ्या आणि लाल कॅमेऱ्यांचा सांधा आहे.

अजून एक बारकावा. एसडीएसएस तरंगलांबी निर्वातातली देतं आणि छापील तक्ते बहुतेक हवेतली देतात. एच-अल्फा तक्त्यात ६५६२.८ असेल तर त्यांच्याकडे ६५६४.६. फरक दोनेक अँगस्ट्रॉमचाच आहे, पण बारीक लाइन जुळवताना माणूस उगाच वैतागतो.

तुमचे तिन्ही नग मात्र लोचा वाटत नाहीत. जाणकार येतील.

देवगडकर:

नवीन मूलद्रव्य का नसावं? हेलियम असंच सापडलं की! आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून १८६८ च्या ग्रहणात लॉकियर ह्या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने सूर्याच्या स्पेक्ट्रममध्ये पिवळी लाइन बघितली, पृथ्वीवर तेव्हा हेलियम कोणाला माहीत पण नव्हता. किल्ल्यावर साहेबाचे ओटे अजून आहेत, या कधी दाखवतो. तेव्हाही लोक म्हणाले असतील तक्त्यात बसत नाही म्हणून.

रात्रपाळी:

देवगडकर, ओटे आहेत, लॉकियरही आला होता, फक्त साल वेगळं. विजयदुर्गला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी आला. १८ ऑगस्ट १८६८ ला तो इंग्लंडमध्ये होता, त्या ग्रहणाला फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता आणि पटवर्धनांच्या जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होता, ढगांमधून मिळालं तेवढं बघितलं त्याने. लॉकियरने ऑक्टोबर १८६८ मध्ये ग्रहण नसताना इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेच्या तेजस्वी लाइन पकडल्या, त्यात ती ५८७६ ची पिवळी होती. आणि १८९५ मध्ये रॅमसेला हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात मिळाला, म्हणजे साहेब विजयदुर्गला उतरला तेव्हा हेलियम जुना झाला होता. किल्ला बघायला मात्र नक्की येणार.

पण मुद्दा चांगला काढलात, कारण हेलियमनंतर लोकांना चटकच लागली. तेजोमेघांत ५००७ आणि ४९५९ ला हिरव्या लाइन दिसल्या तर 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्य काढलं, सूर्याच्या प्रभामंडळात ५३०३ ला दिसली तर 'कोरोनियम'. दोन्ही खोटी निघाली. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गेलेला साधा ऑक्सिजन, हे १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं, आणि कोरोनियम म्हणजे १३ इलेक्ट्रॉन गेलेलं लोखंड. म्हणजे मूलद्रव्य जुनंच, परिस्थिती अशी की प्रयोगशाळेत तसा वायू करता येत नव्हता. ५००७ ची लाइन यायला वायू इतका विरळ लागतो की घन सेंटीमीटरमागे काही लाख कणांपेक्षा फारसा जास्त नको, नाहीतर अणू प्रकाश सोडायच्या आधीच दुसऱ्यावर आपटून ती ऊर्जा घालवतो.

हे क्वेसारला थेट लागू पडतं म्हणून लांबण लावली. क्वेसारमधल्या रुंद लाइन जिथून येतात तो वायू घन सेंटीमीटरमागे अब्जावधी कणांचा, त्यामुळे त्यात ५००७ रुंद दिसत नाही. ५००७ येते ती बारीक, शेकडो-हजारो प्रकाशवर्षं लांब पसरलेल्या विरळ वायूतून. चष्मिष्ट, तुमच्या पहिल्या नगात मधली जी टोकदार लाइन आहे ती याच लांबच्या संथ वायूची, म्हणून ती बरोबर ७२२१ ला उभी आहे. शिंगं दुसऱ्या वायूची. त्याबद्दल रात्री लिहिते, आता निरीक्षणाचा प्रस्ताव पाठवायचा आहे.

चष्मिष्ट:

वाट बघतोय ताई. म्हणजे शिंगं पण हायड्रोजनचीच?

रात्रपाळी:

हो, एच-अल्फाच. तुमचेच आकडे घेऊ. डावं शिंग ७११०, म्हणजे ७२२१ पासून १११ अँगस्ट्रॉम निळीकडे. १११ भागिले ७२२१ गुणिले प्रकाशाचा वेग, साधारण ४६०० किमी प्रति सेकंद. उजवं ७३५०, ते येतं ५४०० च्या जवळपास. म्हणजे थोडा वायू आपल्याकडे ४६०० ने येतोय आणि थोडा ५४०० ने लांब जातोय. ब्लॅकहोलभोवती फिरणारी तबकडी थोडी तिरकी बघितली तर हेच दिसायला हवं, एक बाजू येताना, एक बाजू जाताना, आणि शिंगं अशी वेगळी दिसतात कारण ही लाइन तबकडीच्या एका ठराविक पट्ट्यातूनच निघते.

आता गंमत बघा. डावं शिंग उंच का? आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा प्रकाश सापेक्षतेमुळे जरा जास्त तेज दिसतो आणि जाणाऱ्या बाजूचा मंद. ४६०० आणि ५४०० सारखे का नाहीत? नुसतं फिरणं असतं तर दोन्ही सारखे आले असते. पण इतक्या जवळून निघताना प्रकाशाला गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यातून चढून यावं लागतं आणि शिवाय वेगामुळे तिथलं घड्याळही हळू चालतं, त्यामुळे अख्खी जोडीच थोडी लालकडे सरकते. तुमच्या आकड्यांत ती ४०० किमी प्रति सेकंद सरकलीय. ह्यावरून ढोबळ अंतर निघतं, साधारण १००० ग्रॅव्हिटेशनल रेडिअस (ब्लॅकहोलच्या वस्तुमानावरून ठरणारं लांबीचं माप), आणि तबकडी ३० अंशांच्या आसपास कललेली. ब्लॅकहोल १० कोटी सूर्यांचं धरलं तर त्याचा एक ग्रॅव्हिटेशनल रेडिअस म्हणजे जवळजवळ पृथ्वी-सूर्य अंतर. म्हणजे तो वायू पृथ्वी-सूर्य अंतराच्या १००० पट लांब आहे, आणि तरीही त्याला एक फेरी मारायला फक्त तीनेक वर्षं लागतात.

अर्थात हे अंदाजपंचे आहे, खरं मॉडेल बसवताना आतली त्रिज्या, बाहेरची त्रिज्या, कल, वायूतली खळबळ सगळं एकत्र बसवावं लागतं. पण कागद-पेन्सिलीवर एवढं येतं हेच मला आवडतं.

ह्याचं गाजलेलं उदाहरण आर्प १०२बी आणि ३सी ३९०.३. आर्प १०२बी वर चेन आणि हॅल्पर्न यांनी १९८९ मध्ये हेच तबकडीचं गणित बसवून दाखवलं. काटेकोरपणे दोन्ही रेडिओ गॅलक्सी (रेडिओ लहरींत तेज गॅलक्सी) आहेत, क्वेसारपेक्षा मंद, पण यंत्रणा तीच. पुढे २००३ मध्ये स्ट्रातेवा आणि मंडळींनी एसडीएसएसमधूनच ११६ अशा शिंगवाल्या शोधल्या, जवळच्या सक्रिय गाभ्यांत (क्वेसार आणि त्यांची मंद भावंडं) हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास पडलं. म्हणजे दुर्मिळ पण एकमेव नाही.

अवकाळी:

खरं सांगू का मला दोन ब्लॅकहोलवालं जास्त आवडलं होतं. दोघांचा आपापला वायू, एक इकडे पळतोय एक तिकडे, दोन शिंगं. हे का नको? गॅलक्स्या आदळतात तर ब्लॅकहोलच्या जोड्या होणारच की, मग त्या दिसणार कुठे?

रात्रपाळी:

आवडणारी कल्पना आहे आणि मोठमोठ्या लोकांना आवडली होती. १९८३ मध्ये गॅस्केलने ३सी ३९०.३ साठी हेच सुचवलं होतं. पण जोडी असेल तर ती फिरणार, आणि फिरली तर शिंगांच्या जागा बदलणार, येणारं जाणारं होईल, जाणारं येणारं. दोघांमधला वेग १०,००० किमी प्रति सेकंद आणि एकूण वस्तुमान १० कोटी सूर्य धरलं तर फेरी अडीच-तीन वर्षांत पूर्ण व्हायला हवी. ३सी ३९०.३ आणि आर्प १०२बी लोकांनी वर्षानुवर्षं पाहिले. शिंगांची उंची कमीजास्त होते, आकार बदलतो, पण ती एकमेकांना ओलांडून जात नाहीत. न ओलांडता इतकी वर्षं काढायची तर फेरी खूप लांबलचक पाहिजे, आणि तेवढ्या वेगाला लांबलचक फेरी म्हणजे वस्तुमान अफाट, दहा अब्ज सूर्यांच्या वर. एवढं वस्तुमान त्या गॅलक्सीत मावत नाही. १९९७ मध्ये एराक्लियस आणि सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं आणि त्या वस्तूंपुरता विषय संपला.

तरी मोह सुटत नाही. २००९ मध्ये बोरोसन आणि लाउअर यांनी एसडीएसएसमध्ये एक क्वेसार काढला, जे१५३६+०४४१, त्यात रुंद लाइनचे दोन संच ३५०० किमी प्रति सेकंदच्या फरकाने, नेचरमध्ये छापून आलं, सगळीकडे ब्लॅकहोलची जोडी म्हणून बातम्या. काही महिन्यांत दुसऱ्यांनी एच-अल्फा बघितला तर लालकडेही फुगवटा निघाला, म्हणजे बऱ्याच जणांच्या मते हाही तबकडीवालाच, जरा वेडावाकडा. माझं मत विचाराल तर स्पेक्ट्रमच्या एका फोटोवरून कोणी जोडी म्हणालं की मी दहा वर्षांनंतरचा स्पेक्ट्रम मागते.

आणि सगळ्यांत डावं शिंगच उंच असतं असंही नाही हां. काहींत उजवं उंच असतं. गोल सारखी तबकडी घेतली तर हे येत नाही, मग लंबगोल तबकडी, सर्पिल लाट, एखादा तापलेला ठिपका असं काहीतरी घ्यावं लागतं. हा भाग अजून भांडणाचा आहे.

जुनाजाणता:

धागा छान चाललाय. एक जुनी आठवण सगळ्यांसाठी टाकतो. १९७० च्या दशकात यतेंद्र पाल वार्ष्णी म्हणून मूळचे भारतीय शास्त्रज्ञ कॅनडात ओटावा विद्यापीठात होते, त्यांचं म्हणणं असं की क्वेसारच्या लाइन सरकलेल्याच नाहीत. क्वेसार म्हणजे आपल्याच आकाशगंगेतले तारे, त्यातून प्लाझ्मा जोरात बाहेर पडतो, पसरताना झटकन थंड होतो आणि त्यात नैसर्गिक लेसर तयार होतो, त्यामुळे एरवी फिकट असणाऱ्या लाइन भडक दिसतात आणि आपण त्यांना रेडशिफ्ट लावून हायड्रोजन-मॅग्नेशियम म्हणतो. आणि आपले नारळीकर सर तर हॉईल, बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर शेवटपर्यंत म्हणत राहिले की सगळ्या क्वेसारचा रेडशिफ्ट विश्वाच्या प्रसरणामुळे असेलच असं नाही. चष्मिष्टांचा दुसरा आणि तिसरा नग अशा ठिकाणी बसवता येईल का? आजकाल कोणी ह्याचं नावही काढत नाही, वाईट वाटतं.

प्रिझम:

नारळीकर सरांबद्दल आदर पूर्ण, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली म्हणून आज पुण्यात बसून पोरं हे स्पेक्ट्रा बघतायत. पण दोन्ही गोष्टी एका माळेत नको. सर लाइन ओळखण्यावर शंका घेत नव्हते, रेडशिफ्ट खराच पण त्यातला काही भाग वस्तूचा अंगभूत असू शकतो, काही क्वेसार जवळच्या गॅलक्सीतून फेकले गेले असतील, असं ते म्हणणं. वार्ष्णी लाइनची ओळखच चुकलीय म्हणत होते.

वार्ष्णींचं म्हणणं तेव्हा ऐकून घेण्यासारखं होतं कारण जुन्या स्पेक्ट्रममध्ये चार-पाच लाइन असायच्या आणि अणूंच्या लाइनची यादी एवढी मोठी की चार-पाच कशाशीही जुळवता येतात. आता एकेका क्वेसारमध्ये अतिनीलपासून अवरक्तपर्यंत डझनावारी लाइन मोजल्यात आणि त्या सगळ्या एकाच गुणकाने सरकलेल्या निघतात. वर लायमन-अल्फाच्या डावीकडेच शोषण रेषांचं जंगल (वाटेतल्या हायड्रोजनने प्रकाश खाऊन पडलेल्या खाचा) दिसतं, उजवीकडे नाही. आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्याला ते जंगल कुठून आणायचं? आणि १९७९ मध्ये क्यू०९५७+५६१ सापडला, एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा, मध्ये ०.३६ रेडशिफ्टची गॅलक्सी भिंग म्हणून उभी, क्वेसारचा १.४१. एका प्रतिमेतला चढउतार दुसरीत ४१७ दिवसांनी दिसतो. भिंगाच्या मागे आहे म्हणजे लांब आहे, संपलं. अंगभूत रेडशिफ्टच्या बाजूने एक ठरावीक टप्प्यांचा दावा होता, क्वेसारचे रेडशिफ्ट ठराविक आकड्यांभोवती गोळा होतात म्हणून, तो २००२ मध्ये हॉकिन्स, मॅडॉक्स आणि मेरिफिल्ड यांनी २डीएफ सर्वेक्षणाच्या डेटावर तपासला, काही निघालं नाही.

वाईट कशाला वाटायचं, मांडलं, तपासलं, नाही निघालं. धागा भरकटण्याआधी दुसऱ्या नगावर येऊ, त्यात वॉर्निंग होती ना?

रात्रपाळी:

+१ प्रिझम. नारळीकर सरांचं लेक्चर ऐकलेल्यांना माहीत आहे, विरोधी प्रश्न विचारला की ते खुलायचे.

दुसरा नग. वॉर्निंग येते कारण त्यांचा प्रोग्रॅम नमुन्याच्या स्पेक्ट्रमशी ताडून रेडशिफ्ट काढतो, लाइन नसेल तर जुळणी पक्की होत नाही आणि त्याची पंचाईत. तरी आकडा ४च्या वर आला तो त्या तुटलेल्या कडेवरून. ती कडा म्हणजे वर प्रिझमने सांगितलेलं लायमनचं जंगल, वाटेतल्या हायड्रोजनने १२१६ च्या डावीकडचा प्रकाश खाल्लेला. कडा ६१००-६२०० च्या आसपास असेल तर रेडशिफ्ट ४ बरोबर. कडा खरी असेल तर ही वस्तू लांबच आहे, मग ती दिसतेय म्हणजे प्रचंड तेज आहे, मग क्वेसारच. लाइन मात्र नाहीत.

ह्यांना वीक-लाइन क्वेसार म्हणतात. पहिला ठळक नमुना पीजी १४०७+२६५, रेडशिफ्ट ०.९४, मॅकडॉवेल आणि सहकारी, १९९५. मग १९९९ मध्ये फॅन आणि मंडळींना एसडीएसएसमध्ये ४.६२ चा मिळाला. २००९ मध्ये ३ च्या वरचे ७४ गोळा झाले. मोजमाप असं की लायमन-अल्फा आणि शेजारची नायट्रोजन मिळून लाइनची समतुल्य रुंदी (शेजारच्या सपाट प्रकाशाच्या तुलनेत लाइन किती जोरदार त्याचं माप) १५.४ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी, सर्वसाधारण क्वेसारमध्ये ती ६० च्या आसपास असते.

पहिली शंका सगळ्यांना येते की हा ब्लेझार असेल, म्हणजे ब्लॅकहोलजवळून सुटणारा झोत सरळ आपल्या तोंडावर आणि त्याच्या झगमगाटात लाइन बुडाल्या. पण मग रेडिओत तेज पाहिजे, प्रकाश ध्रुवीभूत (ठरावीक दिशेतच कंप पावणारा) पाहिजे, भराभर चढउतार पाहिजेत. ह्यांच्यात ते बहुतेक दिसत नाही. म्हणजे लाइन बुडालेल्या नाहीत, मुळातच अशक्त आहेत.

का, तर इथे क्ष-किरण मदतीला येतात. ह्यातले निम्म्याच्या आसपास क्ष-किरणांत अपेक्षेपेक्षा फार मंद निघतात. कार्बनची १५४९ ची लाइन यायला कार्बनचे तीन इलेक्ट्रॉन काढावे लागतात, त्याला ४८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा जोरकस प्रकाश लागतो. आता ब्लॅकहोल हावरटासारखं गिळतंय, इतकं की आतली तबकडी फुगून जाड झाली, तर ती जाड भिंत आतला अतिनील आणि क्ष-किरणांचा मारा बाहेरच्या वायूपर्यंत पोचूच देत नाही. वायू तिथेच आहे पण उपाशी. आपण वरून बघितलं तर क्ष-किरण नीट दिसतात, भिंतीआडून बघितलं तर मंद, म्हणून निम्मे-निम्मे. मॅग्नेशियमच्या २७९८ सारख्या लाइनना एवढा जोर लागत नाही, त्या तुलनेने कमी मार खातात, तुमच्याकडे ४ च्या वर ती लाइन १४,००० अँगस्ट्रॉमला गेली म्हणून एसडीएसएसमध्ये दिसणार नाही, अवरक्तात बघावं लागेल. दुसरं म्हणणं असं की लाइन देणारा वायूच अजून गोळा व्हायचाय, क्वेसार नुकताच पेटलाय. मला भिंतीवालं पटतं कारण ते क्ष-किरणांचंही कोडं सोडवतं, पण सगळ्यांना एकच उत्तर लागू असेल असं नाही वाटत.

तिसरा नग सोपा आहे, फक्त तक्ता बदला! ४४५८ भागिले ३ म्हणजे १४८६, ५२५० भागिले ३ म्हणजे १७५०. दोन्ही नायट्रोजनच्या. साध्या क्वेसारमध्ये इतक्या फिकट की तक्तेवाले घालतच नाहीत. तुमच्यात मोठ्या दिसतायत म्हणजे तो नायट्रोजन-रिच क्वेसार.

चष्मिष्ट:

अरे बाप रे. मी १७५० बघितलं होतं एका मोठ्या यादीत, पण म्हटलं इतकी बारीक लाइन कशाला असेल. मग एवढा नायट्रोजन आला कुठून?

रात्रपाळी:

हेच तर चांगलं कोडं आहे. पहिला नमुना क्यू०३५३-३८३, १९८० मध्ये ऑस्मर आणि स्मिथ. एसडीएसएसमधून २००८ पर्यंत असे २९३ मिळाले, म्हणजे शंभरात एकाच्या आसपास. जड ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो तो कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनच्या चक्रातून. त्या चक्रातली सगळ्यात संथ पायरी नायट्रोजनची आहे, त्यामुळे माल तिथे तुंबतो, कार्बन-ऑक्सिजन होता त्याचा बराचसा नायट्रोजन होऊन बसतो. म्हणजे ताऱ्यांतून शिजून आलेला वायू क्वेसारमध्ये जितका जास्त तितका नायट्रोजन. क्यू०३५३ साठी २००३ च्या एका अभ्यासात जड मूलद्रव्यं सूर्याच्या १५ पट निघाली, हे फार वाटतं बऱ्याच जणांना.

म्हणून दुसरी कल्पना अशी की अख्ख्या वायूत एवढा नायट्रोजन नाहीच, ब्लॅकहोलने नुकताच एक तारा फाडला आणि त्याच्या पोटातला शिजलेला माल चमकतोय. तसं असेल तर काही वर्षांत लाइन फिकी पडायला पाहिजे. जुना आणि नवा स्पेक्ट्रम शेजारी ठेवून बघायचं, एसडीएसएसने काही वस्तू परत परत घेतल्यात, तुमच्या नगाचा दुसरा आहे का बघा.

आणि ही १४८६-१७५० ची जोडी आता एकदम फॅशनमध्ये आलीय. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये जीएन-झेड११ चा स्पेक्ट्रम दिला, रेडशिफ्ट १०.६, महास्फोटानंतर ४३-४४ कोटी वर्षं फक्त, आणि त्यात ह्याच दोन नायट्रोजन लाइन तेज, जिथे ऑक्सिजन तेज असायला हवा होता. एवढ्या लवकर एवढा नायट्रोजन कुठल्या ताऱ्यांनी शिजवला ह्यावर पेपरांचा पाऊस पडलाय. त्यात ब्लॅकहोलही आहे असं एका गटाचं म्हणणं आहे, म्हणजे तुमच्या नगाचा फार लांबचा भाऊबंदच.

देवगडकर:

मूलद्रव्य नवीन नाही म्हणता, तरी नायट्रोजनवरून एवढी मारामारी. चालू द्या. ते १८९८ चं माहीत नव्हतं, १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम डे असतो तिथे सांगितलं तर मार खाईन.

अवकाळी:

हाहा, ओट्यावर उभं राहून नका सांगू.

एक विचारू का, हे सगळं घरून बघता येईल का? म्हणजे कॉम्प्युटरवर नाही, दुर्बिणीने. माझ्याकडे ८ इंची आहे आणि १०० रेघांची स्टार अ‍ॅनलायझर ग्रेटिंग (प्रकाश फाकवून स्पेक्ट्रम दाखवणारी काच) पडून आहे, शुक्र-व्याध करून कंटाळलो.

प्रिझम:

शिंगं नाही दिसणार, तेवढं रिझोल्यूशन नाही आणि ते नग मंद. पण ३सी २७३ जरूर करा. कन्या राशीत आहे, तेज १२.९ प्रत (आकडा मोठा तेवढी वस्तू मंद), मार्च ते मे मध्ये रात्री मस्त वर येतो, तारा म्हणून ८ इंचीत दिसतो. लोकांनी ह्याच ग्रेटिंगने केलाय. रेडशिफ्ट ०.१५८.

हाच तो पहिला क्वेसार ज्याचा स्पेक्ट्रम उलगडला. १९६२ मध्ये पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने चंद्राआड जाताना त्याची अचूक जागा काढली, मग मार्टेन श्मिटने पालोमारच्या २०० इंचीने स्पेक्ट्रम घेतला आणि लाइन कशाशीच जुळेनात. १९६३ च्या फेब्रुवारीत त्याच्या लक्षात आलं की ही हायड्रोजनचीच नेहमीची मालिका आहे, फक्त १६ टक्के सरकलेली. त्याच्या आधी ३सी ४८ चा स्पेक्ट्रम दोनेक वर्षं हातात असून कोणाला सुटला नव्हता, मग लगेच तोही सुटला, ०.३६७.

आता तुमच्यासाठी खाचखळगे. एच-अल्फा सगळ्यात भडक म्हणून तुम्ही तिच्या मागे लागाल, पण ती ०.१५८ ला सरकून बरोबर ७६०० ला येते आणि तिथेच आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा मोठा शोषण पट्टा आहे, ७५९४ पासून पुढे. म्हणजे फुगवट्याला मधोमध भोक पडतं आणि नवा माणूस म्हणतो ही पण दोन शिंगांची! नाही. जवळचा एखादा तेज पांढरा तारा त्याच उंचीवर असताना घ्या, त्याच्यात तोच खळगा दिसेल, त्याने भागा.

भरवशाची लाइन एच-बीटा, ५६३० ला येईल, आणि एच-गामा ५०३० च्या जवळ. शहरातून करणार असाल तर पाऱ्याच्या दिव्यांची ५४६१ आणि सोडियमची ५८९० दोन्ही बाजूंना उभ्या असतात, त्यांना क्वेसार समजू नका, पण कॅलिब्रेशनला, म्हणजे तरंगलांबीची मोजपट्टी लावायला, वापरा, फुकट मिळतायत. छोटी छोटी एक्सपोजर भरपूर घ्या आणि एकावर एक चढवून स्टॅक करा, गाईडिंग (दुर्बीण ताऱ्यावर अचूक धरून ठेवायची सोय) नसेल तर एकेक ३० सेकंदांच्या वर जाऊ नका. ग्रेटिंग असं फिरवा की बाजूच्या ताऱ्याचा स्पेक्ट्रम क्वेसारवर पडणार नाही, ह्यात अर्धी रात्र जाते.

चष्मिष्ट:

अवकाळी, केलंत तर इथेच टाका. मी दुसऱ्या नगाची कडा परत मोजली, ६१५० च्या जवळ आहे. तिसऱ्याचा आठ वर्षांनंतरचा दुसरा स्पेक्ट्रम मिळाला, १७५० अजून आहे पण मला जरा बुटकी वाटतेय. उंची कशी मोजायची, नुसतं डोळ्याने की काही पद्धत आहे?

रात्रपाळी:

डोळ्याने नको. दोन्हींत १७५० च्या दोन्ही बाजूंचा सपाट भाग धरून सरळ रेषा टाका, तिच्या वरचं क्षेत्रफळ काढा आणि रेषेच्या उंचीने भागा, ती समतुल्य रुंदी. मग तेच १९०९ साठी करा. १९०९ पण तेवढीच घटली असेल तर अख्खा क्वेसार बदललाय, फक्त १७५० घटली असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा.